मूकपटांच्या काळातल्या साहसी सिरियल्सचे उरलेले तुकडे बघायचेत, सुरुवात कुठून करू?

रानवाटा:
नमस्कार मंडळी. १९१२-१३ पासून पुढे अमेरिकेत ज्या साहसी सिरियल्स थिएटरात एकेक भाग करून लागायच्या, त्यातल्या बहुतेक हरवल्यात हे वाचलंय, पण जे काही उरलंय ते मला नीट बघायचंय. पर्ल व्हाइट या नटीची पेरिल्स ऑफ पॉलिन लावली, दोन भाग बघितले आणि पार गोंधळले. मधे मधे येणाऱ्या मजकुराच्या पाट्यांवरचं इंग्रजी विचित्र, गोष्ट मध्येच उड्या मारते, सगळीकडे वीस भाग लिहिलंय आणि इथे नऊच. हे अर्धवट आहे की मुळातच असं होतं? आणि पॉलिन सोडून काय बघावं, शक्यतो फुकटात. आईलाही दाखवायचंय, पाट्या मी तिला मराठीत सांगेन, तिला ट्रेन आणि घोडे असलेलं काहीही चालतं.

जुनं_रीळ:
रानवाटा, तुम्ही बघताय ती १९१४ ची पॉलिन नाहीच. पाथे कंपनीने काढलेली मूळ वीस भागांची सिरियल आज तशी कुठेच नाही, उरलीये ती युरोपसाठी कापून नऊ भागांची केलेली, आणि तिच्या पाट्या फ्रेंचमधून परत इंग्रजीत आणलेल्या, त्यामुळे भाषा अशी झालीये. व्हिलनचं नावसुद्धा बदललंय, मुळात ओवेन, इथे कोर्नर. म्हणजे त्या काळच्या अमेरिकन प्रेक्षकाने बघितलेली पॉलिन आपण कोणीच बघू शकत नाही, हे धरूनच ती बघायची. पर्ल व्हाइट आहे मात्र जबरदस्त, तिच्यासाठी परत या, पण सुरुवातीला नको.

सुरुवात हॅझर्ड्स ऑफ हेलनपासून करा. केलम कंपनीची, नोव्हेंबर १९१४ ते १९१७, एकूण ११९ भाग, प्रत्येक भाग एका रिळाचा म्हणजे बारा-पंधरा मिनिटांचा आणि महत्त्वाचं म्हणजे प्रत्येक भागात गोष्ट संपते. ११९ मधले थोडेच उरलेत, पण जो सापडेल तो आपल्याआपण पुरा असतो, मागचं-पुढचं काही लागत नाही. हेलन रेल्वे स्टेशनवर तार ऑपरेटर आहे, दरोडेखोर येतात, गाडी सुटते, ही घोड्यावरून, पुलावरून, कशावरूनही उडी मारून डब्याच्या टपावर. खरी गाडी, खरे रूळ. हेलन होम्स नायिका, बरेचसे भाग तिचा नवरा जे. पी. मॅकगोवनने दिग्दर्शित केलेले. ती सोडून गेल्यावर पुढे हेलन गिब्सन आली, जी आधी तिच्याच जागी स्टंट करायची आणि जिला अमेरिकेतली पहिली व्यावसायिक स्टंटवुमन मानतात. 'द एस्केप ऑन द फास्ट फ्रेट' आणि 'द वाइल्ड इंजिन' हे दोन भाग शोधा. तुमच्या आईंसाठी तर हेच.

तळ्याकाठी:
हेलनला माझंही मत. त्यानंतर लगेच डॉली ऑफ द डेलीज बघा, एडिसन कंपनी, १९१४, मेरी फुलर वर्तमानपत्राची बातमीदार. बारा भाग होते, त्यातला पाचवा 'द चायनीज फॅन' न्यूझीलंडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये सापडला, २०१० मध्ये तिथून पंच्याहत्तरेक अमेरिकन मूकपट परत आणायचं ठरलं त्यात हा होता. नॅशनल फिल्म प्रिझर्वेशन फाउंडेशनच्या साइटवर फुकट आहे, संगीतासकट. चिनी माणसांचं चित्रण १९१४ च्या अमेरिकेला साजेसं आहे, म्हणजे वाईट, तयारीने बघा. पण एक बाई अपहरण झालेल्या मुलीला सोडवते आणि वर बातमी स्वतः लिहिते हे तेव्हा लोक थिएटरात बघत होते, मला तो भाग फार आवडतो.

रानवाटा:
न्यूझीलंडमध्ये कसा काय सापडला?

तळ्याकाठी:
कारण ते वितरणाचं शेवटचं टोक. प्रिंट गावोगाव फिरत तिथपर्यंत पोचायची तोवर जुनी झालेली, परत पाठवायचा खर्च तिच्या किमतीपेक्षा जास्त, मग तिथेच राहायची. कॅनडातल्या डॉसन सिटीचं तसंच. तिथली रिळं वाचनालयाच्या तळघरात पडून होती, १९२९ मध्ये ती जुना पोहण्याचा तलाव बुजवायला भराव म्हणून टाकली, वर आइस हॉकीचं मैदान. १९७८ मध्ये खोदकामात वर आली, पाचशेच्या वर रिळं, गोठलेल्या जमिनीत थंड राहिल्यामुळे टिकलेली, त्यात सिरियल्सचे सुटे भागही होते. बिल मॉरिसनची यावरची डॉक्युमेंटरी, डॉसन सिटी: फ्रोझन टाइम, २०१६ ची, मिळाली तर सोडू नका. कडेने पाणी शिरलेल्या जागी पांढरे डाग थरथरतात आणि मधे माणसं आपलं काम करत असतात.

चौथी_घंटा:
माझं थोडं वेगळं मत. आधी एखादी पूर्ण उरलेली सिरियल बघावी, मग तुकडे. फ्रान्समधल्या लुई फय्यादची ले व्हॅम्पायर, १९१५-१६, दहाही भाग आहेत. आठवडेच्या आठवडे थांबून बघण्याची चव काय होती ते एकदा कळलं की मग तुकड्यात काय गेलंय ते कळतं. नाहीतर साखळ्या-कुलपांतून सुटणारा जादूगार हूदिनी, त्याची मास्टर मिस्ट्री, त्यात चालता यंत्रमानव आहे आणि हूदिनी दर भागात साखळ्यांतून सुटतो. तीही अधूनमधून तुटलेली आहे, पण २००८ च्या डीव्हीडीत गेलेल्या जागी मजकूर घालून गोष्ट जोडलीये.

जुनं_रीळ:
चौथी_घंटा, फय्याद थोरच, पण त्याचे भाग लांबीला कमीजास्त, काही तासाभराचे आणि चाल अगदी वेगळी. अमेरिकन सिरियल म्हणजे झटपट बदलणारी दृश्यं, धावपळ, बाई स्वतः गाडी चालवतेय. फय्यादची सवय झाली की हेलन फार साधी वाटायला लागेल आणि ते तिच्यावर अन्याय करणारं होईल. मास्टर मिस्ट्री चालेल, हेलन आणि डॉलीच्या नंतर.

कागदी_बोट:
कोणी वाचायचं सांगितलं नाही म्हणून सांगते. ज्या सिरियल्सचं जवळजवळ काही उरलं नाही त्यांच्या गोष्टी मात्र उरल्यात, कारण थिएटरात भाग लागायचा आणि त्याच वेळी वर्तमानपत्रात तोच भाग छापून यायचा. ॲडव्हेंचर्स ऑफ कॅथलिन, सेलिग कंपनी, डिसेंबर १९१३ पासून दर पंधरा दिवसांनी, तेरा भाग, गोष्ट शिकागो ट्रिब्यूनमध्ये. तुटक भाग सोडले तर सिरियल गेली, पण हॅरॉल्ड मॅकग्राची कादंबरी प्रोजेक्ट गुटेनबर्गवर आहे. ही तर हिंदुस्तानात घडते! अल्लाहा नावाचं काल्पनिक संस्थान, अमेरिकन मुलीला जबरदस्तीने राणी करतात, मग वाघ, सिंह, हत्ती. जनावरं सेलिगच्या स्वतःच्या प्राणिसंग्रहालयातली. आपल्याकडचं काहीही ओळखीचं दिसणार नाही, पण तेव्हा त्यांच्या डोक्यात हिंदुस्तान म्हणजे काय होतं ते स्वच्छ कळतं. थानहाउसरची मिलियन डॉलर मिस्ट्री, १९१४, ती तर गेलीच, तिचा शेवट सुचवणाऱ्याला दहा हजार डॉलर बक्षीस ठेवलं होतं. तिचीही कादंबरी आहे. आणि त्या काळची सिनेमाची साप्ताहिकं मीडिया हिस्ट्री डिजिटल लायब्ररीवर फुकट चाळता येतात, प्रत्येक भागाचा सारांश आणि फोटो. एखाद्या तुकड्याच्या आधी काय घडलं ते मी तिथेच शोधते.

नदीपलीकडे:
पण हरवल्या तरी कशा एवढ्या? एवढी लोकप्रिय होती ना ही गोष्ट?

जुनं_रीळ:
लोकप्रिय होती म्हणूनच. दर भागाच्या प्रिंट झिजेपर्यंत फिरवायच्या आणि पुढचा भाग आला की मागच्याला किंमत नाही. पंधरा-वीस भागांतला एक गेला की बाकीचे भाड्यानेही जात नाहीत. वर नायट्रेट फिल्म, झटकन पेटते, आणि नाही पेटली तरी वर्षांनी चिकट होऊन शेवटी भुकटी. चांदी काढायलाही कित्येक वितळवल्या. आवाज आल्यावर कंपन्यांना त्या नुसती अडगळ झाल्या, युनिव्हर्सलने तर १९४८ मध्ये आपल्याकडच्या उरल्यासुरल्या मूक निगेटिव्ह मुद्दाम नष्ट केल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या २०१३ च्या अहवालात आहे की पूर्ण लांबीच्या अमेरिकन मूकपटांपैकीसुद्धा मूळ स्वरूपात १४ टक्केच उरलेत.

सदाशिव_३०:
आपल्याकडचं पण बघा की. सिरियल नाही पण त्याच जातीचं, दिलेर जिगर, १९३१, पुण्याची अगरवाल फिल्म कंपनी, दिग्दर्शक जी. पी. पवार. रस्त्यावर कसरती करणारी जोडी, तलवारी, मारामाऱ्या, आणि नायिका आपल्या ललिता पवार! ज्यांनी त्यांना फक्त सासू म्हणून बघितलंय त्यांनी हे बघायलाच हवं. १९९४ मध्ये इटलीत पोर्देनोनेच्या मूकपट महोत्सवात भारतीय मूकपट दाखवले होते त्यात हाही होता. आपल्याकडे तेराशेच्या आसपास मूकपट निघाले आणि उरलेत अगदी मोजके, फाळक्यांच्या राजा हरिश्चंद्रचंसुद्धा पहिलं आणि शेवटचं रीळ एवढंच. २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट रिळांच्या साठ्याला आग लागली त्यातही बरंच गेलं. लॉ कॉलेज रोडवरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात चौकशी करा, काय दाखवतात ते तिथेच नक्की कळेल. आणि पर्ल व्हाइटचा धागा इथपर्यंत येतोच, मुंबईचे सिनेमा निर्माते जे. बी. एच. वाडिया तिच्या सिरियल्सचे चाहते आणि त्यांनीच पुढे १९३५ मध्ये हंटरवाली हा सिनेमा काढला, म्हणजे चाबूकवाली नटी नादिया.

रानवाटा:
किती मिळालं! मग हेलन, डॉली, हूदिनी, आणि कॅथलिनची कादंबरी मधे मधे. पुण्याला मामा आहेत, त्यांना संग्रहालयात विचारायला सांगते. अजून एक, यूट्यूबवर माणसं फार पळत असतात, ते तसंच असतं का?

जुनं_रीळ:
नाही, ती कॉपीची चूक. तेव्हा कॅमेरा हाताने फिरवायचे, साधारण सेकंदाला सोळा ते अठरा फ्रेम, कधी जास्त. ते चोवीसने चालवलं की सगळे पळतात. प्लेअरमध्ये स्पीड ०.७५ करून बघा, बहुतेक वेळा माणसं चालायला लागतात. फक्त मागे संगीत असेल तर ते बंद करा, नाहीतर रडकं ऐकू येईल. आणि एकाच भागाच्या दोन-तीन कॉपी असतील तर ज्यात रात्रीचे सीन निळे आणि आगीचे लाल रंगवलेले दिसतात ती घ्या, ती बहुधा चांगल्या प्रिंटवरून आलेली असते.