मदत हवी आहे, जुन्या आठवणी पाठ सोडत नाहीत
जय ख्रिस्त सगळ्यांना, मी नाशिकरोडची. लहानपणी पप्पा दारू पिऊन आईला मारायचे, ते जाऊन सहा वर्षं झाली तरी रात्री कडी वाजली की अजून छातीत धडधडतं. सगळे म्हणतात माफ कर, विसरून जा. माफ केलंय ओ, पण विसरायचं कसं? बायबलमध्ये उत्पत्तीच्या 41 व्या अध्यायात योसेफ, ज्याला भावांनीच विकलं होतं, मुलाचं नाव मनश्शे ठेवतो, म्हणजे देवाने कष्ट विसरायला लावले, आणि 45 व्या अध्यायात तोच त्या भावांपुढे मोठ्याने रडतो, मग विसरला कुठे! हे वाचून उलट मला बरंच वाटलं. स्तोत्र 147:3, देव भग्नहृदयी लोकांना बरं करतो, त्यांच्या जखमा बांधतो, हे वचन रोज म्हणते. कौन्सेलिंगला जाऊ का? आई म्हणते विश्वास कमी पडतोय तुझा. शरणपूर रोडकडे प्रार्थना पण करणारी आणि नीट ऐकून घेणारी कौन्सेलर कोणाला माहितीये का?