पिसांका: अंड्यावर ‘लिहिण्याची’ कला

एडमंटनकर: कॅनडातील एडमंटनच्या पूर्वेस व्हेग्रव्हिल येथे १९७५ साली उभारलेले, वाऱ्यासरशी फिरणारे ॲल्युमिनियमचे प्रचंड अंडे पाहिल्यापासून युक्रेनी पिसांकांविषयी, म्हणजे नक्षीदार अंड्यांविषयी, कुतूहल आहे. काळ्या रंगावर इतक्या बारीक पांढऱ्या रेघा कोणत्या कुंचल्याने काढतात? आणि अंडी रंगवण्याची प्रथा ईस्टरपासूनच सुरू झाली का?

रंगरेषा: त्या रेघा काढलेल्या नसतात, राखलेल्या असतात. ‘पिसाती’ म्हणजे लिहिणे. त्यावरूनच हे नाव आले. लाकडी दांडीला पितळेचे इवलेसे नरसाळे बसवलेली ‘किस्त्का’ मेणबत्तीवर तापवून तिच्यात मधमाश्यांचे मेण घेतात आणि जे पांढरे राहायला हवे त्यावर मेणाची रेघ ओढून अंडे पिवळ्या रंगात बुडवतात. मग पिवळे राखायचे तेवढे झाकून नारिंगी, त्यानंतर लाल, असे करत शेवटी काळ्यात. बाटिकची रीत हीच. या टप्प्यावर अंडे नुसता काजळलेला गोळा दिसते. ते ज्योतीच्या वर न धरता बाजूला धरायचे, नाहीतर काजळी बसते. मेण पाघळले की मऊ फडक्याने टिपायचे, आणि सूर्य, गव्हाची लोंबी, हरीण एकेक करून उजळत बाहेर येतात. माझ्या मते या कलेचे सारे सुख त्या टिपण्यात आहे.

सोव्हिएत काळात ही प्रथा दडपली गेली, तेव्हा कॅनडातल्या युक्रेनी घरांनी ती जिवापाड जपली. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने तिची वारसा म्हणून नोंद केली.

खापर: दुसऱ्या प्रश्नाबद्दल: कवचावरील नक्षी ईस्टरहून फार जुनी आहे. दक्षिण आफ्रिकेतील डीपक्लूफ येथे शहामृगाच्या अंड्यांचे सुमारे ६०,००० वर्षांपूर्वीचे कोरीव तुकडे सापडले. आपल्याकडेही, जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळच्या पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साली यांनी केलेल्या उत्खननात, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा, आडव्यातिडव्या रेघा कोरलेला तुकडा मिळाला. शहामृग एके काळी खानदेशात हिंडत होते, हे आपल्या शाळांतून आवर्जून सांगायला हवे.

एडमंटनकर: मनापासून आभार. पिसांकेचे अंडे उकडलेले असते का?

रंगरेषा: नाही. उकडून एकाच रंगात रंगवलेली ‘क्राशांका’ खातात. पिसांका कच्च्या अंड्याची करतात. आतले फुंकून काढतात किंवा वर्षानुवर्षे आपोआप वाळू देतात. तसेच ठेवणार असाल तर हवा खेळेल अशा जागी ठेवा आणि तडा गेलेले अंडे मुळीच घेऊ नका.