लीळाचरित्र मुळातून वाचताना: आवृत्ती, क्रम, कोश आणि अडणाऱ्या जागा

पानखूण

'सध्या काय वाचताय' या प्रश्नाला अलीकडे बऱ्याच जणांकडून लीळाचरित्राचं नाव येतंय. म्हणून हा वेगळा धागा. मला आधुनिक मराठीतलं रूपांतर नको आहे, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांचं म्हाइंभटांनी लिहिलेलं हे चरित्र मूळ गद्यातच वाचायचंय. अडचणी अशा:

१. सुरुवात एकांकापासून, म्हणजे ग्रंथाच्या पहिल्या भागापासून, करावी की थेट पूर्वार्धापासून?
२. वाक्य सोपं वाटतं, शब्दही ओळखीचे असतात, तरी अर्थ लागत नाही. 'गोसावी बीजें केलें' म्हणजे काय? बियांचा काही संबंध आहे का?
३. कोशात शब्द शोधला तर सापडत नाही. शुद्धलेखन दर पानाला बदलतं.
४. कोण बोलतंय ते कळत नाही. भट, भटोबास, नागदेव ही तीन माणसं की एक?

ज्यांनी हा ग्रंथ पुरा वाचलाय किंवा सध्या वाचत आहेत त्यांनी कृपया नेमकं सांगावं. 'हळूहळू जमेल' एवढ्यावर सोडू नका.

बोरू

चौथ्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण तो सुटला की निम्मं काम होतं.

नागदेव, भट, भटोबास ही एकच व्यक्ती. चक्रधरांनंतर पंथाची धुरा सांभाळणारे ते हेच. महदाइसा, महदंबा, रूपाइसा हीही एकच व्यक्ती, धवळे (लग्नातली गाणी) रचणारी. नावापुढचं '-इसा' किंवा '-इसें' हा बायकांच्या नावाला लागणारा आदराचा प्रत्यय आहे: आबाइसा, हिराइसा. बाइसा म्हणजे पैठणच्या नागुबाइसा. सर्वज्ञ, गोसावी ही चक्रधरांची नावं. 'राउळ' किंवा 'श्रीप्रभु' आलं की ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू समजायचे, राजवाडा किंवा देऊळ नव्हे. वहीच्या पहिल्या पानावर ही नावं एकाखाली एक लिहून ठेवा आणि नवं माणूस आलं की लीळेच्या (प्रसंगाच्या) क्रमांकासह भर घाला.

आणखी एक जागा हमखास चकवते. चक्रधर स्वतःबद्दल बोलताना सहसा 'मी' म्हणत नाहीत. 'एथ', 'हें', 'एथीचें' असे शब्द वापरतात. 'एथ' म्हणजे 'इथे' असा अर्थ लावत गेलात तर उत्तराचा सगळा रोखच हरवतो. त्यांच्या तोंडी 'एथ' आलं की आधी 'माझ्याकडे, माझ्या ठिकाणी' असा अर्थ लावून पाहा. तो बसला नाही तरच जागेचा घ्या.

'बीजें करणें' म्हणजे जाणं किंवा येणं, आदरार्थी. बियांशी संबंध नाही. आदरासाठीची क्रियापदं वेगळी असतात, ती एकदाच पाठ करून टाका:

बीजें करणें – जाणं, येणं
आरोगणा – जेवण
व्याळी – रात्रीचं जेवण
पहुड – झोप, निजणं
उपहुड – झोपेतून उठणं
विहरण – फिरायला जाणं
अवस्थान – एका जागी मुक्काम
वसति – रात्रीचा मुक्काम
पूजावसर – पूजेची वेळ. 'उदयाचा' म्हणजे सकाळचा
विळीचां – संध्याकाळी
नावेक – क्षणभर

आता 'विळीचां गोसावी विहरणा बीजें केलें' अशा घडणीचं वाक्य आलं तर अडणार नाही: संध्याकाळी स्वामी फिरायला गेले. 'विहरणा' ही नुसत्या सामान्यरूपातली चतुर्थी आहे. जात्यावरच्या ओव्यांत 'माहेरा जाते' येतं, तसंच हे.

गोदाकाठ

बोरू यांच्या यादीला तीन शब्द जोडा. ते फसवतात, कारण त्यांचे आजचे अर्थ आपल्या डोक्यात पक्के असतात.

'गंगा' म्हणजे इथे गोदावरी. 'गंगातीर' वाचून काशीकडे गेलात तर पुढचा सगळा प्रवास चुकतो.

'स्तिति' म्हणजे परिस्थिती नव्हे. अमक्याला स्तिति झाली म्हणजे त्याचं देहभान हरपलं, भावावस्था आली.

तिसरा शब्द 'वासना', आणि याच्यावर जरा थांबायला हवं. लीळेच्या शेवटी किंवा मध्येच अमक्याची वासना अशी असा उल्लेख येतो. त्याचा इच्छेशी काही संबंध नाही. परंपरा अशी सांगते की म्हाइंभटांची मूळ पोथी धामधुमीत हरवली आणि शिष्यांनी आठवणीतून लीळा पुन्हा उभ्या केल्या. हिराइसेसारख्यांच्या स्मरणावर मोठी भिस्त होती. ज्याच्या आठवणीत जो पाठ राहिला ती त्याची 'वासना'. थोडक्यात, हा पाठभेद आहे, आणि तो सांगणाऱ्याच्या नावासकट नोंदवलेला. घाईत वाचणारे या ओळी गाळतात. गाळू नका. एकच प्रसंग दोन माणसांना कसा वेगळा आठवला हे त्या काळच्या लोकांनी स्वतः प्रामाणिकपणे लिहून ठेवलंय. हा ग्रंथ इतका जिवंत वाटण्याचं ते एक मोठं कारण आहे.

बोरू

अगदी. आणि म्हणूनच रूपांतरं निरुपयोगी ठरतात. बहुतेकांत वासना गाळलेल्या असतात किंवा दोन पाठ मिसळून एक गोष्ट केलेली असते.

आता व्याकरण. सगळं शिकत बसू नका, पाच खुणा पुरतात.

'-तें' म्हणजे 'ला': 'गोसावीयांतें देखिलें' – स्वामींना पाहिलं.

शेवटी 'एं' किंवा 'ईं' असलेलं नाम भूतकाळी क्रियापदासोबत आलं तर तो बहुधा कर्ता असतो: 'सर्वज्ञें म्हणीतलें', 'भटीं पुसिलें'. हाच 'ईं' गावाच्या नावाला लागला की सप्तमी: 'पैठणीं' म्हणजे पैठणला. अनुस्वार वाचताना सुटला की कर्ता आणि कर्म उलटेपालटे होतात. सर्वांत जास्त घोटाळे इथेच होतात.

'-औनि', '-ऊनि' म्हणजे 'ऊन': करौनि, येऊनि.

'-इजे' म्हणजे 'केलं जातं' किंवा 'करावं': कीजे, जाइजे. संदर्भाने दोहोंपैकी एक निवडावं लागतं. उपदेशाच्या वाक्यात बहुधा 'करावं'.

शब्दाच्या शेवटचा 'उ': एकु, दिसु, हातु. हा प्रथमेचा एकवचनी प्रत्यय. मंगळूरकडच्या सारस्वत कोकणीत आजही 'हातु' म्हणतात, ती बोलणाऱ्यांना हे चटकन जमतं.

पानखूण

हे फार उपयोगी आहे, मनापासून आभार. कोशाबद्दल आणि आवृत्तीबद्दल कुणी सांगेल का? 'पष' असा शब्द दिसतो, तो कुठल्याच कोशात नाही.

शकुंत

'पष' म्हणजे 'पख', पंख किंवा पंधरवडा, संदर्भ पाहून ठरवा. जुन्या पोथ्यांत 'ख'च्या जागी सर्रास 'ष' लिहिलेला असतो: मुष म्हणजे मुख. काही छापील पाठांत तो तसाच ठेवलाय. संस्कृत शब्दातला खरा 'ष' मात्र 'ष'च. कोशात शब्द सापडला नाही तर या क्रमाने अदलाबदल करून पाहा: ऱ्हस्व-दीर्घ, मग ष/ख, मग न/ण आणि ल/ळ, मग ए/ये (एक, येक), शेवटी ज/झ (जालें म्हणजे झालें). बहुतेक शब्द पहिल्या दोन पायऱ्यांतच सापडतात.

कोश: तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश (1999) सर्वांत आधी. अर्थ इंग्रजीत आहेत, पण खाली मूळ ग्रंथांतली उदाहरणं दिली आहेत आणि खरं काम ती करतात. शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर हा कोश फुकट शोधता येतो. तिथेच मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोशही आहे. फक्त मोल्सवर्थवर विसंबू नका. तो एकोणिसाव्या शतकातली मराठी नोंदवतो आणि सहाशे वर्षांत अर्थ सरकलेले असतात.

आवृत्ती: वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली, महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाची 1978ची. एकांक, पूर्वार्ध, उत्तरार्ध एकाच जाड ग्रंथात. हातात धरून वाचायला जड आहे, मेजावर ठेवूनच वाचा. शं. गो. तुळपुळे यांनी संपादित केलेले सुटे भाग मिळाले तर तेही घ्या, टिपांसाठी. दोन्हींतले लीळाक्रमांक जुळत नाहीत, म्हणून वहीत क्रमांकाशेजारी 'को' किंवा 'तु' लिहा. नाहीतर महिन्याभराने स्वतःचीच टीप सापडणार नाही.

गोदाकाठ

क्रमाबद्दल माझं मत: पूर्वार्धापासून सुरुवात करा. एकांकात चक्रधर एकटे भटकतात, जागा झपाझप बदलतात, माणसं एकदाच भेटतात आणि जातात. पूर्वार्धात पैठणला बाइसा येतात, मग एकेक शिष्य जोडला जातो, आणि संवाद सुरू होतात. भाषा कानात बसते ती संवादांनी. साठ-सत्तर लीळा झाल्यावर एकांकाकडे परत या.

सोबत स्थानपोथी ठेवा. कुठल्या गावात कुठे मुक्काम झाला, देऊळ कुठल्या दिशेला, हे तीत आहे. नकाशावर पैठण, नेवासे, प्रवरेकाठचं बेलापूर, श्रीरामपूरजवळचं कमालपूर (तेव्हाचं डोंबेग्राम), अहिल्यानगरला लागून असलेलं भिंगार आणि अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर एवढ्या खुणा केल्या तरी बराचसा प्रवास डोळ्यांसमोर राहतो.

शकुंत

क्रमाबाबत मी असहमत आहे. अगदी नवख्याने आधी दृष्टांतपाठ घ्यावा. केसोबासांनी रचलेला, 114 दृष्टांत, प्रत्येक काही ओळींचा. आधी सूत्र, मग दृष्टांत, मग दार्ष्टांतिक, म्हणजे त्याचं लागू करणं. ही चौकट ठरलेली असल्यामुळे वाक्याचा अर्थ नाही लागला तरी आपण कुठे आहोत ते कळतं. हत्ती आणि जात्यंधांचा (जन्मांधांचा) दृष्टांत तर आधीच माहीत असतो, त्यामुळे तिथे सगळं लक्ष भाषेकडे देता येतं. रोज तीन दृष्टांत घेतले तर सव्वा महिन्यात पुरा होतो. मग पूर्वार्ध.

बोरू

दोन्ही वाटा चालतील. ज्याला गोष्टीची ओढ आहे त्याने पूर्वार्ध घ्यावा, ज्याला व्याकरणाची भीती आहे त्याने दृष्टांतपाठ.

वाचायची पद्धत मात्र एकच सुचवेन. एका बैठकीत दोन-तीन लीळा, त्याहून जास्त नकोत. पहिल्यांदा मोठ्याने वाचा, कोश न उघडता. हे मुळात ऐकून जपलेलं गद्य आहे, वाक्यं छोटी आहेत आणि 'मग', 'तवं', 'मा' असे जोडशब्द श्वास कुठे घ्यायचा ते दाखवतात. डोळ्यांनी वाचताना विरामचिन्हांअभावी जे वाक्य अडतं, ते कानाला बरेचदा आपोआप सुटतं. दुसऱ्या वाचनात अडलेल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ. तिसऱ्यात कोश. अर्थ पानाच्या समासात लिहू नका, वहीत लिहा. समासात लिहिला की पुढच्या वेळी डोळा आधी तिकडे जातो आणि शब्द कधीच पाठ होत नाही.

पानखूण

दृष्टांतपाठापासून सुरू करते आहे. पहिल्या दहा दृष्टांतांत अडलेले शब्द याच धाग्यावर टाकीन, ष/ख ची अदलाबदल करून पाहिल्यावरच.