पहिले दोन हजार किलोमीटर

शनिवार, सोसायटीचा ग्रुप

लिमये काकू (बी-१०१): अनिकेत, राग मानू नकोस, पण बोलते. आज पावणेसहाला तुझी नवी गाडी सुरू झाली आणि आमच्या खिडकीची तावदानं थरथरली. ह्यांचा रात्री उशिराच डोळा लागला होता. रोज असंच होणार आहे का?

शिर्के वहिनी (सेक्रेटरी): मलाही सकाळपासून दोन फोन आले. अनिकेत भाऊजी, जरा बघा.

अनिकेत (बी-३०१): काकू, चुकलं माझं. काकांनाही सॉरी सांगा. इंजिन गार असलं की पहिलं अर्धं-पाऊण मिनिट ते आपसूकच मिनिटाला जास्त फेऱ्यांवर चालतं, कारण धूर साफ करणारा कन्व्हर्टर लवकर तापावा लागतो. तेवढा वेळ आवाज मोठा असतो आणि आपल्या पार्किंगला वर स्लॅब असल्यामुळे तो घुमतो. मला हे पहिल्याच दिवशी लक्षात यायला हवं होतं. आजपासून सकाळी निघायचं असेल तर रात्रीच गाडी गेटाबाहेर लावून ठेवीन, आणि सहाच्या आधी सुरू करणार नाही.

लिमये काकू: बरं झालं सांगितलंस. मला वाटलं मुद्दाम रेस करतोस.

अनिकेत: नाही हो काकू. गार इंजिन रेस करणं म्हणजे उठल्या उठल्या पळायला लावणं. उभ्या उभ्या तापवतही नाही मी. बेल्ट लावायचा आणि हळू निघायचं. नुसत्या उभ्या गाडीचं तेल तापायला फार वेळ लागतो, चालत्या गाडीचं त्यापेक्षा बरंच लवकर तापतं.

मंदार (सी-१०४): दादा एक विचारू? परवा बावनदीच्या पुढे मी तुला ओव्हरटेक केलं. माझ्या स्विफ्टने! तू सत्तरने चालला होतास. ३४० घोड्यांची गाडी घेऊन सत्तर? मी घरी सांगितलं तर कोणाचा विश्वास बसेना.

मंदार: आणि हल्लीच्या इंजिनांना रनिंग-इन, म्हणजे नवी गाडी सुरुवातीला जपून चालवणं, लागतच नाही म्हणतात. फॅक्टरीतूनच तयार होऊन येतात ना?

अनिकेत: मंदार, बरं विचारलंस. सविस्तर लिहितो, कारण गेले तीन आठवडे माझ्या डोक्यात दुसरं काही नाही.

बीएमडब्ल्यूची झेड४ आहे ही. तीन लिटर, सहा सिलिंडर एका रांगेत, टर्बो. कंपनीच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय: पहिले २००० किलोमीटर इंजिन मिनिटाला ४५०० फेऱ्यांच्या वर जायचं नाही, गाडी ताशी १६० च्या वर न्यायची नाही, आणि पेडल तळापर्यंत दाबायचं नाही. नवे टायर पहिले ३०० किलोमीटर जपून, कारण साच्यातून काढल्यावर त्यांची पकड पूर्ण आलेली नसते. ब्रेकचे पॅड आणि डिस्क एकमेकांना नीट बसायला साधारण ५०० किलोमीटर जातात. आज माझं मीटर ६४० वर आहे. म्हणजे टायर झाले, ब्रेक झाले, इंजिन अजून लहान आहे.

फॅक्टरीतून तयार होऊन येतात हे अर्धं खरं. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ठेवलेल्या असतात, एकमेकींना छेदणाऱ्या. त्यांत तेल धरून राहतं. पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासत घासत बसतात. पूर्वी या रेघा खडबडीत असायच्या, म्हणून महिनोन् महिने जपावं लागायचं. आता काम खूप बारीक झालंय, तेलंही सुधारली. पण शेवटचं बसणं रस्त्यावरच होतं. नुसतं इंजिन नाही, मागच्या डिफरन्शियलमधले (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देतं ते) दातेसुद्धा एकमेकांना तेव्हाच ओळखतात.

साळवी काका (ए-२०२): अनिकेत बरोबर सांगतोय. बोटीवर मी हेच केलं आयुष्यभर. मेन इंजिनला नवा लायनर (सिलिंडरची आतली नळी) किंवा नव्या रिंगा घातल्या की सिलिंडर ऑइल वाढवून द्यायचं आणि लोड टप्प्याटप्प्याने चढवायचा, कित्येक तास. कॅप्टनला घाई असली तरी चीफ इंजिनिअरने ऐकायचं नाही. मग इंजिन थांबवून स्कॅव्हेंज पोर्टमधून, म्हणजे सिलिंडरला हवा आत घेण्याच्या भोकांतून, टॉर्च मारून रिंगा बघायच्या. सगळीकडून सारखी चकाकी आली असेल तर समजायचं बसल्या. एकीकडे काळपट पट्टा दिसला तर पोटात गोळा यायचा.

साळवी काका: एक मात्र विचारतो. फार हळू तर चालवत नाहीस ना? तेही वाईट.

अनिकेत: काका, अगदी मुद्द्याचं बोललात! मंदार, आता हे नीट वाच. रिंग भिंतीला दाबली जाते ती स्प्रिंगच्या जोराने थोडी आणि वरच्या जळत्या वायूच्या दाबाने जास्त. गाडी कायम गोंजारत, एकाच स्पीडला, हलक्या पायाने चालवली तर तो दाबच मिळत नाही. रेघा गुळगुळीत होऊन जातात, काचेसारख्या, आणि मग गाडी तेल प्यायला लागते. म्हणून जोर द्यायचा, पण पूर्ण नाही. फेऱ्या वरखाली करायच्या. क्रूझ कंट्रोल (गाडी आपोआप एकाच वेगाने ठेवणारी सोय) लावून मुंबईपर्यंत एका सुरात जाणं हे या गाडीसाठी सगळ्यात निरुपयोगी.

आणि इथेच मला आपल्या कोकणाचं कौतुक वाटतं. सरळ सपाट रस्ता आपल्याकडे आहेच कुठे? भाट्याचा पूल ओलांडून पावसकडे निघालं की चढ, वळण, उतार, वाडी, पऱ्ह्या, परत चढ. चढाला अर्धं-पाऊण पेडल, उताराला पाय काढून गाडी गिअरवर सोडायची. इंजिनाला हवा असलेला व्यायाम रस्ताच करून घेतो, आपल्याला वेगळं काही करावं लागत नाही. पुण्याहून आणताना मुद्दाम कराडवरून मलकापूर धरलं आणि आंबा घाट उतरून आलो. त्या दिवशी टायर कोरे होते म्हणून घाटात एकाही वळणावर घाई केली नाही. आता गेल्या रविवारी साखरप्याहून तोच घाट वर चढलो. फेऱ्या चार हजारांच्या आत ठेवून. काय सांगू तुला, गाडी तीच, पण वळणात शिरताना पुढची चाकं हाताला काय काय सांगत होती! पहिल्या दिवशी स्टिअरिंग मुकं वाटलं होतं.

तू मला बावनदीला ओव्हरटेक केलंस तेव्हा मी मुद्दाम सत्तरवर आलो होतो. त्याआधी दहा मिनिटं नव्वदने होतो, पुढे पन्नासवर उतरलो.

मंदार: अच्छा. म्हणजे मी जिंकलो नाही.

मंदार: पण दादा, मग मजा कधी? २००० होईपर्यंत नुसती वाट बघायची?

अनिकेत: वाट कसली बघतोयस! हीच मजा आहे. मी मनापासून सांगतो, घाई असती तर यातलं निम्मं मला दिसलंच नसतं.

काल सकाळी आरे-वारेला गेलो होतो. शिरगाव सोडल्यावर छप्पर उघडलं. दहा सेकंदांत दुमडतं, पन्नासच्या आत असलं तर चालत्या गाडीतही. उघड्या गाडीत पहिल्यांदा कळतं की रस्त्याला वास असतो. आधी कापलेल्या भाताचा, मग कोणाच्या तरी चुलीचा, मग खाजणाचा चिखल, आणि वळण संपून समुद्र दिसला की एकदम खारं वारं. बंद काचेतून मी या रस्त्याने शेकडो वेळा गेलोय, यातलं काही माहीत नव्हतं. वारेच्या वरच्या वळणावर गाडी बंद करून उतरलो. खाली सुरूचं बन, पाण्यावर दोन होड्या. बॉनेटखालून गरम लोखंड निवतानाचा टिक्‌ टिक्‌ आवाज येत होता, आधी भरभर, मग सावकाश. पूर्ण थांबेपर्यंत मी तिथे उभा होतो. बायको म्हणाली, चला आता, नेवऱ्यात चहा घेऊ.

मुलगी शिकायला गेली, घरात दोघंच उरलो, दोनच सीट लागतात. वीस वर्षं आंबा कॅनिंगच्या सीझनमध्ये रात्री-अपरात्री टेम्पोमागे धावलो. ही गाडी कुठे पोचण्यासाठी घेतलीच नाही.

शिर्के वहिनी: छान लिहिलंत भाऊजी. आता माझे दोन कामाचे प्रश्न. तुमचा स्लॉट माडाच्या बाजूला आहे. नारळ पाडणारा पुढच्या आठवड्यात येतोय, त्या दिवशी गाडी हलवा. आणि झावळी पडली तर सोसायटी जबाबदार नाही हे आधीच सांगून ठेवते. ते छप्पर कापडाचं ना?

अनिकेत: कापडाचंच वहिनी. हलवतो. माड खूप आधीपासून तिथे आहे, त्याचा हक्क मोठा. मी स्लॅबखालीच लावीन, फक्त सकाळच्या फेरीआधीची रात्र गेटाबाहेर.

दुसरं म्हणजे गेटातला स्पीड ब्रेकर. गाडीचं पोट खाली आहे, सरळ घेतली तर घासते. तिरकी घेतो तेव्हा दोन मिनिटं गेट अडतं, मागे रिक्षा असली तर हॉर्न वाजतो. ब्रेकर काढा असं मी मुळीच म्हणणार नाही, मुलं खेळतात तिथे. फक्त वॉचमनदादांना सांगून ठेवा की मी आलो की दोन्ही दारं पूर्ण उघडावीत.

शिर्के वहिनी: सांगते.

साळवी काका: खाऱ्या हवेचं काय करतोस? बोटीवर आम्ही गंजाशीच लढायचो. इथेही समुद्र कुठे लांब आहे.

अनिकेत: काका, पहिला धडा मिळाला. मध्ये चार दिवस गाडी उभी होती. पाचव्या दिवशी गेटापाशी ब्रेक दाबला तर खर्रर्र! काळजात धस्स झालं. उतरून बघतो तर चारही डिस्कवर नारिंगी थर, जांभ्याच्या भुकटीसारखा. हात लावला तर बोटाला लागला. मग रिकाम्या रस्त्यावर हलके हलके सात-आठ ब्रेक मारले आणि चकचकीत झाल्या. आता धुतल्यावर गाडी तशीच ओली उभी करत नाही, एक छोटी चक्कर मारून ब्रेक वाळवतो. समुद्राकडून आलं की साध्या पाण्याने खालून धुतो, चाकांच्या कमानी आतून. आणि ओलं छप्पर कधीही दुमडून ठेवायचं नाही, आपल्या हवेत बुरशी धरायला दोन दिवस पुरतात. प्लास्टिकचं कव्हर घेणार होतो, रद्द केलं. आत घाम धरतं.

साळवी काका: शाब्बास. तेलाची पातळी बघत जा. रिंगा बसेपर्यंत थोडं तेल जातं, घाबरू नकोस, पण नोंद ठेव. वहीत लिही, तारीख आणि किलोमीटर.

अनिकेत: वही केलीय काका. संध्याकाळी आणून दाखवतो. तुमची नजर फिरली तर मला बरं वाटेल.

मंदार: दादा, २००० झाले की एकदा पूर्ण पेडल दाबशील तेव्हा मला बाजूला बसव. प्लीज.

अनिकेत: बसवीन. पण पुस्तकात लिहिलंय की २००० नंतरही हळूहळूच वाढवायचं. आणि आपल्या रस्त्यांवर गुरं असतात, शाळेची पोरं असतात, पावसानंतर सावलीतल्या वळणांवर शेवाळ असतं. पूर्ण जोर बघायचा तर ट्रॅकवरच नेईन. तेव्हा चल माझ्याबरोबर.

लिमये काका (बी-१०१): मी लिमये. हिचा फोन घेतला आहे. आवाजाने जाग आली हे खरे, पण हे सगळे वाचून बरे वाटले. १९७९ साली मी पद्मिनी घेतली तेव्हा मागच्या काचेला ‘रनिंग इन’ अशी चिठ्ठी चिकटवून सहा महिने फिरत होतो. चाळीसच्या वर नेली नाही. चिपळूणला सासुरवाडीला जाताना वाटेतल्या चढाला बॉनेट उघडून पाणी घालावे लागे, तरी सोन्यासारखी वाटायची. मला एकदा तुझ्या गाडीतून आरे-वारेला नेशील का? गुडघा फार वाकत नाही, तेवढीच अडचण.

अनिकेत: काका! उद्याच चला. छप्पर आधीच उघडून ठेवतो, म्हणजे डोकं वाकवावं लागणार नाही. दाराकडे पाठ करून आधी सीटवर टेकायचं, मग मी एकेक पाय आत घेतो. सीट मागे सरकवली की गुडघा सरळ राहतो. बायकोला सांगितलं, ती म्हणाली उद्याची सीट काकांची.

लिमये काका: किती वाजता?

अनिकेत: साडेसहा. ऊन्ह चढायच्या आत परत. वारं लागेल, कानाला मफलर घ्या.

लिमये काकू: आधी वर चहाला ये, सव्वासहाला. पोहे करते. आणि गाडी गेटाबाहेरच सुरू करा, शिर्क्यांचं बाळ झोपलेलं असतं.