लांब पल्ल्यासाठी बेताच्या बजेटमध्ये रायफल आणि स्कोप: सल्ला हवा

नवखा नेम
मंडळी, परवान्याचं काम मार्गी लागलंय, आता खरेदी. आतापर्यंत क्लबच्या रायफलीवर १०० मीटरचा सराव केलाय. पुढे ६०० ते ८०० मीटरवर पोलादी पाट्या वाजवायच्या आहेत. शिकार करायची नाही. बजेट बेताचं आहे आणि एकदाच घ्यायचंय. काडतूस .३०८ विंचेस्टर घेऊ की ६.५ क्रीडमूर? अर्धा एमओए (गोळ्या किती पसरतात ते सांगणारं कोनाचं माप) देणारी रायफल शोधतोय, पण ती घेतली तर स्कोपला फारसं काही उरत नाही. काय करावं?

ओळंबा
अर्ध्या एमओएचा नाद सोडा. हिशेब करून बघा. ८०० मीटरवर १ एमओए म्हणजे साधारण २३ सेंमी. अर्ध्या एमओएची रायफल घेतलीत तर हा पसारा १२ सेंमीवर येईल, म्हणजे ११ सेंमीचा फायदा. आता वारा. ६.५ क्रीडमूरची १४० ग्रेनची (सुमारे ९ ग्रॅमची) चांगली गोळी घ्या. वाऱ्याचा अंदाज सेकंदाला फक्त १ मीटरने चुकला, तरी ती ८०० मीटरवर पाव मीटरहून जास्त बाजूला जाते. नवीन माणसाचा अंदाज त्याहून जास्त चुकतो. म्हणजे ज्या चुकीने पाटी हुकणार, ती महागड्या नळीने भरून निघत नाही. १ एमओए सातत्याने देणारी फॅक्टरी रायफल घ्या आणि उरलेले पैसे काडतुसांना ठेवा.

आणि हो, जाहिरातीतला एक एमओए बहुतेक वेळा तीन गोळ्यांचा असतो. दहा गोळ्यांचा ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या गोळ्यांचा पुंजका) पाडल्याशिवाय कोणत्याच रायफलीवर मत देऊ नका.

पोलादी पाटी
कॅलिबरचं आधी मिटवून टाकू. ८०० मीटरसाठी ६.५ क्रीडमूर. .३०८ च्या १७५ ग्रेनपेक्षा वाऱ्यात बरीच कमी सरकते, धक्का कमी, आणि हजार मीटरपलीकडेही आवाजाच्या वेगाच्या वर राहते. .३०८ ची गोळी ८००-९०० मीटरच्या पुढे त्या वेगाच्या आसपास येते आणि तिथून तिचा भरवसा कमी होतो. .३०८ च्या बाजूने एकच मोठी गोष्ट आहे: नळी जास्त टिकते. क्रीडमूरची अचूकता दोन-तीन हजार गोळ्यांनंतर उतरायला लागते, .३०८ सहज पाच हजारांवर जाते.

रायफलींमध्ये टिक्का टी३एक्स, होवा १५००, बर्गारा बी-१४ एचएमआर आणि सॅव्हेज ११० एवढीच यादी डोळ्यासमोर ठेवा. टिक्काचा बोल्ट आणि ट्रिगर या भावात सर्वांत गुळगुळीत, पण साधी मॉडेलं वजनाला हलकी. झोपून सलग मारताना वजन हवंच, म्हणून तिची जाड नळीवाली आवृत्ती बघा. एचएमआरला गालाची उंची बदलता येणारा दस्ता आधीपासून आहे, वेगळा खर्च नाही. मी असतो तर हीच घेतली असती. सॅव्हेजची नळी नटवर बसते, त्यामुळे ती झिजल्यावर गेज वापरून जाणकार माणूस घरीही बदलू शकतो.

नवखा नेम
आणि स्कोप? दुकानात जो तो ६-२४ पटवालाच पुढे करतो. जास्त झूम म्हणजे जास्त चांगला ना?

ओळंबा
झूम शेवटी बघा. ८०० मीटरच्या पाटीला १२-१५ पट पुष्कळ होते. उन्हात हवा लहरू लागली की २४ वर फक्त मृगजळ मोठं दिसतं.

आधी हे बघा, की बुरूज (स्कोपवरचं नेम सरकवायचं चाक) फिरवला की आतला नेम तितकाच सरकतो का आणि परत शून्यावर येतो का. तपासायची पद्धत जुनीच आहे. १०० मीटरवर उंच कागद लावा, त्यावर ओळंबा सोडून सरळ उभी रेघ मारा. स्कोपची उभी रेघ तिच्याशी जुळवा. खाली नेम धरून ग्रुप पाडा. मग १० मिल (मिल हेही कोनाचं माप, १ मिल म्हणजे १०० मीटरवर १० सेंमी) वर घ्या आणि त्याच ठिपक्यावर नेम धरून पुन्हा मारा. दोन ग्रुपमध्ये बरोबर १ मीटर अंतर हवं. ९७ सेंमी आलं तर स्कोप ३ टक्के कमी चालतोय. ८०० मीटरला सुमारे सात मिल लागतात, तिथे ही तूट १७ सेंमीची होते. तूट कायम तेवढीच असेल तर नेमाचा हिशेब करणाऱ्या ॲपमध्ये भरून चालवता येतं. दर वेळी वेगळी आली तर स्कोप परत करा.

एककाचं म्हणाल तर बुरूज मिलमध्ये आणि आतल्या खुणाही मिलमध्येच. बुरूज एमओएचा आणि खुणा मिलच्या असलं लग्न लावू नका. ०.१ मिलचा एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर १ सेंमी, तोंडी हिशेब होतो. खुणा पहिल्या फोकल प्लेनमधल्या घ्या, म्हणजे झूम कितीही असला तरी त्यांचं माप बदलत नाही. फार पैसे नसतील तर एसडब्ल्यूएफएचा स्थिर १०×४२ अजूनही विचारात घेण्यासारखा. झूम हवाच असेल तर ॲथलॉन आर्गोस किंवा व्होर्टेक्स डायमंडबॅक टॅक्टिकल.

पोलादी पाटी
रेल (रायफलीवर स्कोप बसवायची पट्टी) राहिली. २० एमओए उताराची रेल घ्या, सुमारे ६ मिल वर जायला जागा वाढते. स्वस्त स्कोपचा नेम सरकवायचा एकूण प्रवास कमी असतो, तिथे हे कामी येतं. स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू टॉर्क रेंचने, लिहिलेल्या मापातच आवळा. 'स्कोप बिघडला' म्हणणाऱ्या निम्म्या लोकांचे स्क्रू ढिले असतात.

दोनशे मीटर
सगळ्यांच्या विरोधात बोलतो. आधी .२२ (छोट्या काडतुसाची रायफल) घ्या. सीझेड ४५७ किंवा टिक्का टी१एक्स. ५० मीटरवर शून्य केलेली (नेम जुळवलेली) .२२ आवाजाहून हळू जाणाऱ्या गोळीने २०० मीटरवर मारायची, तर आठ मिलच्या आसपास वर घ्यावं लागतं. क्रीडमूरला ९०० मीटरवर जवळपास तेवढंच लागतं! वारा वाचणं, बुरूज फिरवणं, दम धरणं, सगळं तिथेच शिकता येतं. काडतूस स्वस्त, नळी झिजत नाही म्हटलं तरी चालेल, आणि २०० मीटरची रेंज ८०० मीटरच्या रेंजपेक्षा कितीतरी सहज मिळते.

पोलादी पाटी
मुद्दा पटतो, पण त्याने 'एकदाच घ्यायचंय' लिहिलंय.

दोनशे मीटर
म्हणून तर टी१एक्स म्हटलं. टी३एक्सचा दस्ता तिला बसतो. स्कोप चांगला घेतला तर तोही पुढच्या रायफलीवर जाईल, फक्त पॅरलॅक्स (अंतरानुसार स्कोप जुळवायची सोय) २५ मीटरपर्यंत खाली येणारा बघा. ५० मीटरपासून सुरू होणारा .२२ ला जवळच्या सरावात अडतो.

नवखा नेम
८०० मीटरची रेंज माझ्यापासून लांब आहे, महिन्यातून एकदा जमेल कदाचित. २०० ची जवळ आहे. मग टी१एक्स, २० एमओएची रेल आणि मिल-मिल स्कोप. क्रीडमूर नंतर. टेकू कोणता घेऊ, बायपॉड (दोन पायांचा टेकू) की वाळूची पिशवी?

ओळंबा
मागे पिशवी हवीच, ती घरी शिवता येते. पुढे साधा बायपॉड, फक्त डावी-उजवीकडे कलता हवा, नाहीतर उताराच्या जमिनीवर रायफल तिरकी बसते आणि बुरूज वर घेतला की गोळी बाजूला जाते.