ट्रॅकवर गाडी पळवायला पुढचेच दोन टायर बदलून भागेल?
‘ट्रॅकसाठी फक्त पुढचे दोन सेमी-स्लिक (कमी नक्षीचे, जास्त पकडीचे टायर) घ्या, मागे जुनेच चालतील’ असा सल्ला इथे कुणी दिलाय, तो मला पटला नाही. फ्रंट-व्हील ड्राइव्हला (इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर असलेल्या गाडीला) झिजतात पुढचेच, मान्य. पण भर वळणात ॲक्सिलरेटर सोडलात की वजन पुढे येतं, मागची पकड सुटते आणि गाडी गर्रकन फिरते. चारही एकाच जातीचे घ्या. त्याच टायरवर घरी परतायचं असेल तर ट्रेडवेअर (टायर किती टिकेल याचा त्यावर छापलेला आकडा) २००च्या आसपासचे बघा. पाऊस आला तर मात्र जपून.

हवेचा दाब लॅप मारून आल्या आल्या, टायर गरम असतानाच मोजा. माझ्या पहिल्या सेटची बाहेरची कड खोडरबरासारखी खरवडून निघाली होती, मधली नक्षी नवीकोरी! निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आतल्या बाजूला झुकवणं) थोडा वाढवल्यावर दुसरा सेट बराच टिकला.