संडे स्कूलसाठी मराठी बायबल कुठलं घ्यावं? जुनं की सोप्या भाषेतलं

कृष्णाकाठची (सांगली)
नमस्कार. ख्रिसमसच्या आत संडे स्कूलच्या मोठ्या मुलांना बायबलं द्यायचीत. मला बायबल सोसायटीचं सोप्या मराठीतलं घ्यावंसं वाटतंय, कारण जुन्यातलं मुलं घडाघडा वाचतात पण काय वाचलं विचारलं की गप्प. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडील (म्हणजे पुढारी) म्हणतात पवित्र शास्त्र म्हणजे आजोबांनी वाचलं तेच, बाकी नुसती पुस्तकं. त्यात भाचा यूट्यूबवर काय काय बघून आलाय, त्याच्या मते किंग जेम्स हे जुनं इंग्लिश भाषांतरच तेवढं खरं, नव्यातून वचनं काढून टाकलीत. काय करू?

मिरजवाला
ताई, आधी भाच्याचं बघू. तो मार्कच्या शुभवर्तमानाचा शेवट (१६:९-२०) आणि योहानाच्या पहिल्या पत्रातलं ५:७ याबद्दल बोलत असणार. १६११ ला किंग जेम्सचा नवा करार झाला तो इरॅस्मस नावाच्या डच विद्वानाने १५१६ मध्ये छापलेल्या ग्रीक मजकुराच्या पुढच्या आवृत्त्यांवरून, आणि इरॅस्मसच्या हाताशी होत्या त्या बऱ्याच उशिराच्या हस्तलिखित प्रती. चौथ्या शतकातल्या सिनाय आणि व्हॅटिकनच्या प्रतींचा नीट अभ्यास झाला तो नंतर, त्यात मार्क १६:८ लाच थांबतो. म्हणून नव्यात ती वचनं कंसात असतात नाहीतर खाली टीप असते, चोरी कुणी केलेली नाही. योहानाच्या पत्रातलं त्रैक्याचं (पिता, पुत्र, पवित्र आत्मा एक असल्याचं) वाक्य तर खुद्द इरॅस्मसच्या पहिल्या दोन आवृत्त्यांत नव्हतं, १५२२ च्या तिसरीत आलं. आणि आज लोक १६११ चं म्हणून वाचतात ते बहुतेक १७६९ चं सुधारलेलं.

जुना बाक (सातारा)
वडिलांना जुनाट म्हणून उडवू नका हं. मयतीच्या घरी २३ वं स्तोत्र सगळे एका सुरात म्हणतात ते जुन्यामुळेच, प्रत्येकाच्या हातात वेगळं भाषांतर असेल तर उपासनेत नुसता कालवा. पण "बाकी पुस्तकं" हे अति झालं. आजोबांचं म्हणजे नेमकं कुठल्या आजोबांचं? विल्यम कॅरी या मिशनऱ्याचा मराठी नवा करार १८११ चा, तो आज कोण वाचतंय? मधे किती सुधारणा झाल्या.

मिरजवाला
आणि सोपं मराठी हे आत्ताचं फॅड नाही. पंडिता रमाबाईंनी केडगावला मूळ हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायाबापड्यांना कळेल असं अख्खं बायबल केलं, १९२२ ला वारल्या त्याआधी काम उरकलं. माझं मत, पाठांतर जुन्यातून आणि वाचन सोप्यातून. आधी एकच प्रत आणा, वडिलांसमोर मुलांकडून लूक १५ (उधळ्या मुलाची गोष्ट) दोन्हीतून वाचून घ्या, मग त्यांनाच ठरवू द्या.

जुना बाक (सातारा)
मुलं दोन्ही मिसळून तिसरंच म्हणतील बघा. पण वडिलांसमोर वाचायचं ते पटलं.

कृष्णाकाठची (सांगली)
भाच्याला १५२२ चं सांगितलं तर म्हणतो इरॅस्मस कॅथलिक होता, त्याचं काय ऐकायचं. मी म्हटलं अरे बाबा मग तुझं किंग जेम्स कुणाच्या मजकुरावर उभं आहे, तर फोनच ठेवला 😄 वडील मात्र लूक ऐकायला तयार आहेत, स्वतः पण वाचणार म्हणतात, फक्त अक्षर मोठं पाहिजे. सोप्या मराठीतलं मोठ्या टाइपचं सांगली-मिरजेत कुठे मिळेल का?